चढावर न थांबलेली जीप

मी एक जुनी जीप आहे, कळमनुरीच्या एका धर्मादाय दवाखान्याची. माझ्या पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले आहेत, मागच्या दारावरच्या लाल फुलीचा एक हात उडाला आहे आणि मी जिथे उभी राहते तिथे खाली पाण्याचे एक थारोळे साचते. ते पाहून दवाखान्यात आलेली पोरे एकमेकांना कोपराने ढोसतात आणि म्हणतात, "बघ, जीपनं शू केली!" हसू द्या त्यांना. मित्रांनो, त्या पाण्याचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. सांगताना लाज वाटणार आहे, म्हणून मध्येच अडखळले तर समजून घ्या. अडखळणे ही तशी माझी जुनी खोड आहे.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या बहिणींपैकी कुणी पोलिसांकडे गेली, कुणी जंगल खात्यात, कुणी एखाद्या पुढाऱ्याच्या दारात. मी दवाखान्यात आले. मला घेण्यासाठी आसपासच्या गावांनी हळद विकून वर्गणी दिली होती. पहिल्या दिवशी माझ्या बॉनेटवर एवढे हळदकुंकू पडले की पुसता पुसता रतनसिंगचा रुमाल पिवळा झाला. रतनसिंग म्हणजे माझा ड्रायव्हर. तेव्हा त्याला नुकते मिसरूड फुटले होते, आज त्याच्या मिशा पांढऱ्या आहेत. एवढ्या वर्षांत त्याने मला शिव्या पुष्कळ दिल्या, पण दुसऱ्या कुणाला देऊ दिल्या नाहीत.

माझ्यात एक दोष होता. माझा रेडिएटर जन्मापासूनच कच्चा. सपाट रस्त्यावर मी वाऱ्यासारखी पळायची, पण चढ आला की पाणी उकळायचे आणि मी फुसफुसत उभी राहायची. दर शुक्रवारी दवाखान्याच्या देविदास डॉक्टरांना घेऊन मी खेड्यांच्या फेरीवर निघायची. वारंगा फाट्यावर चहा, मग डोंगरकडा, आणि तिथून आत जाणारा खडीचा रस्ता. त्या रस्त्याने परत येताना एक चढ लागतो. चढाच्या मध्यावर एक बाभूळ आणि बाभळीमागे मेंढपाळांची लहानशी वाडी. तिथे मी हमखास बंद पडायची. रतनसिंग बॉनेट उघडायचा, माझा उद्धार करायचा आणि पाणी मागायला वाडीत जायचा.

अशाच एका शुक्रवारी वाडीतल्या यशोदाबाई डोक्यावर घागर घेऊन स्वतःच आल्या. कमरेवर खोकणारे एक पोर होते.

"डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी थंडी होऊस्तोर आमच्या लेकराला बघता का जरा? रातभर तकलीफ हाय त्याला."

डॉक्टर दगडावर बसून कंटाळलेलेच होते. त्यांनी पोराला तपासले. पुढच्या शुक्रवारी तीन माणसे आली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी साऱ्या वाडीची रांग लागली. दवाखान्याच्या फेरीत त्या वाडीचे नावही नव्हते. माझ्या कच्च्या रेडिएटरने ते घातले. थंडीच्या दिवसांत मी कधी कधी न तापताही चढ चढायची, म्हणून यशोदाबाईंनी एक युक्ती काढली. वाडीत कुणी आजारी असले की त्या बाभळीला लाल फडके बांधायच्या. फडके दिसले की रतनसिंग ब्रेक दाबायचा आणि खालच्या वळणापासूनच लांब हॉर्न वाजवायचा. माझा हॉर्न भसाडा आहे, पण मला त्याचा गर्व होता. तो ऐकला की पोरे मेंढरांतून उड्या मारत धावत यायची.

दवाखान्याचे दिवस मात्र ओढाताणीचे होते. वर्ष सरले की ट्रस्टची मंडळी व्हरांड्यात बसायची आणि मी पायरीशी उभी राहून सगळे ऐकायची. दर वर्षी तोटा. देविदास डॉक्टर हसून म्हणायचे, "धर्मादाय दवाखाना आहे, तोटा आपल्याला नाही होणार तर कुणाला?" मग सुगी झाली की मीच गावोगाव जायची. लोक ज्वारी घालायचे, तूर घालायचे, कुणी हळकुंडांची पिशवी टाकायचे. यशोदाबाईंच्या घरचे एक पोते ठरलेले. त्यावर दवाखान्याचे स्वयंपाकघर चालायचे. पगार उशिरा व्हायचे आणि रतनसिंगची बायको त्यावरून मलाच बोल लावायची.

मग सरकारची आरोग्य योजना आली. खरे सांगायचे तर योजना चांगली होती. कार्ड दाखवले की गरिबाचे ऑपरेशन फुकट, आणि त्याचे पैसे सरकार दवाखान्याला देणार. मूतखड्याने तळमळणारी, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन चाचपडणारी कितीतरी माणसे मी माझ्या पाठीवरून नेली आणि हसत घरी सोडली. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने उतरताना माझ्या टपाला नमस्कार केला होता. ते दिवस आठवले की आजही बरे वाटते.

दोन वर्षांत दवाखान्याचा तोटा भरून निघाला आणि वर पैसा उरू लागला. ट्रस्टच्या लोकांना 'नफा' म्हणायला संकोच वाटतो, ते 'शिल्लक' म्हणतात. शिल्लक वाढली तसे नवे ऑपरेशन थिएटर झाले, फरशी बदलली, नांदेडहून मोठे सर्जन येऊ लागले. देविदास डॉक्टरांचे गुडघे थकले आणि ते घरी बसले. कारभार पाहायला हरीश नावाचे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. सकाळी सर्वांच्या आधी यायचा, रात्री सर्वांच्या नंतर जायचा. त्याने एक एक खर्च तपासला आणि एके दिवशी रतनसिंगला बोलावून म्हणाला, "शुक्रवारची फेरी बंद. ताप-खोकल्याचे पैसे योजनेत मिळत नाहीत. डिझेल फक्त ऑपरेशनचे पेशंट आणायला."

"आन् वाडीचं काय, साहेब? ते फडकं बांधून वाट बघतेत."

"ऑपरेशनचा पेशंट असेल तर घ्या. नाहीतर फोन केला की सरकारी गाडी येते की त्यांच्याकडे."

हरीशचे म्हणणे हिशेबाला धरून होते. आणि त्याच आठवड्यात त्या शिलकीतून मला वारंगा फाट्याच्या मिस्त्रीकडे नेले. नवा कोरा रेडिएटर बसला, इंजिनाचे काम झाले, अंगावर रंग चढला. मी आरशासारखी चमकत होते. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी आता कुठल्याही चढावर बंद पडणार नव्हते.

त्यानंतरचा तो शुक्रवार. आतल्या गावातून ऑपरेशनची सात माणसे घेऊन आम्ही निघालो होतो. सर्जनसाहेबांना दुपारी नांदेडला परत जायचे होते, उशीर झाला तर सातही ऑपरेशने चुकणार होती. हरीशचा फोन दोनदा येऊन गेला. वाडीच्या चढाला लागलो आणि मला बाभळीवर लाल फडके दिसले. त्याखाली यशोदाबाई बसल्या होत्या. मांडीवर त्यांची नात सृष्टी होती, सहा वर्षांची. तिचे आईबाप मेंढरे घेऊन लांब रानात गेले होते. पोरीला रात्रीपासून ताप होता आणि मान धरली होती. यशोदाबाईंनी हात वर केला.

रतनसिंगचा पाय ब्रेककडे गेला, हे मला ठाऊक आहे, कारण मीच त्याचा पाय ओळखते. पण मागून एक जण म्हणाला, "चला हो, टाइम होऊन राहिला." रतनसिंगने खिडकीतून तोंड बाहेर काढले. "ह्यांना सोडून येतानी बघतो, माय!" तो ओरडला आणि पाय ॲक्सिलरेटरवर गेला.

मी थांबू शकले असते. दरवर्षी, दर शुक्रवारी मी त्याच जागी थांबत आले होते. त्या दिवशी एकदा पाणी उकळले असते, एकदा फुसफुसले असते, तर रतनसिंगला उतरावेच लागले असते. पोरीला त्याने पाहिले असते आणि मागच्या सात जणांनीही पाहिले असते. मग तिला मांडीवर घेण्यावरून त्यांच्यात भांडण लागले असते, एवढी ती भली माणसे होती. पण मी तापले नाही. नव्या रेडिएटरच्या तोऱ्यात मी तो चढ एका दमात चढून गेले. वर पोचल्यावर मला स्वतःचे कौतुकही वाटले. ते कौतुक आठवले की आज माझे लोखंड जळते.

"येतानी" मात्र आम्ही आलोच नाही. ऑपरेशने झाल्यावर हरीशने आम्हाला सर्जनसाहेबांना सोडायला नांदेडला पाठवले.

यशोदाबाई ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथेच बसून होत्या. शेजारणीने सरकारी गाडीला फोन करायला सांगितले, तर म्हणाल्या, "काहून? रतनसिंग बोलून गेला न्हवं, जीप येऊनच राहिली." माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा. पोरगी आचके देऊ लागली तेव्हा केळीचा एक टेम्पो थांबला आणि त्याने दोघींना नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेले. सृष्टी वाचली. मेंदूच्या तापाने तिचे दोन्ही कान गेले. तिथल्या डॉक्टरांनी यशोदाबाईंना विचारले की सकाळीच का नाही आणले. त्यावर त्यांनी काय उत्तर दिले असेल, हे मी फार वेळा मनात घोळवले आहे.

हे सारे रतनसिंगला आठवड्याने कळले. तो माझ्या स्टिअरिंगवर डोके टेकून बसला. त्याने मला शिवी दिली नाही, आणि ते मला फार लागले.

पुढे दवाखान्याची हवा पुन्हा बदलली. तीच ऑपरेशने करणारे नवे दवाखाने जागोजागी निघाले. सरकारकडून येणारे पैसे रखडू लागले, काही बिले कागदातल्या चुका काढून परत आली. मोठे थिएटर उभे, त्याचे वीजबिल उभे, आणि पेशंट थोडे. व्हरांड्यात पुन्हा 'तोटा' हा शब्द ऐकू येऊ लागला. माझ्याकडे कोण बघणार? रेडिएटरला गळती लागली, रंग उडाला. मग कुणाला तरी जुनी आठवण झाली. पूर्वी आपण सुगीला धान्य गोळा करायचो, लोक देत होते, पुन्हा जाऊ या.

यंदा सुगीनंतर मी चार वर्षांनी त्या वाटेला लागले. या वेळी हरीश स्वतः शेजारी बसला होता. दोन गावांत लोकांनी आम्हाला चहा पाजला आणि ज्वारीचे नाव काढले नाही. मग वाडीचा चढ आला. मध्यावर, बाभळीसमोर, माझ्यातून वाफ निघाली, मी दोन गचके दिले आणि बंद पडले.

यशोदाबाई घागर घेऊन आल्या. केस पार पिकले होते. रतनसिंगने मान वर केली नाही.

"काहून गप हायेस रे रतनसिंगा?" त्या म्हणाल्या. "पानी घाल तिला. बिचारी तापली."

बिचारी म्हणाल्या मला. त्यांनी घागर स्वतः ओतली, मग घरातून ज्वारीचे पोते काढून आणायला सांगितले. हरीश गडबडून म्हणाला, "आजी, एवढं कशाला?"

"दवाखान्याचं हाय ते, बापू. दर साली द्यायचो आमी. तुमी आला न्हाई तर कुणाला देणार?"

तेवढ्यात एक दहा वर्षांची मुलगी माझ्या सीटवर चढली आणि तिने हॉर्न दाबला. तोच भसाडा हॉर्न. हरीश दचकला, झाडावरचे कावळे उडाले. मुलगी मात्र तशीच. ती खाली उतरली, हरीशचा हात धरून त्याने हॉर्न दाबावा असे खुणेने सांगितले आणि स्वतः माझ्या बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवून उभी राहिली. हरीशने हॉर्न दाबला. माझा पत्रा थरथरला आणि ती हसली.

"कानानं ऐकू येत न्हाई तिला," यशोदाबाई म्हणाल्या. "पन हाताला बराबर कळतंय."

हरीशने रतनसिंगकडे पाहिले. रतनसिंगने त्याला तो शुक्रवार सांगितला, सगळा, स्वतःचा पायही न लपवता. ऐकून झाल्यावर हरीशने पुन्हा हॉर्न दाबला. तो किती वेळ दाबून बसला होता, कुणास ठाऊक. सृष्टीचे तळवे माझ्या अंगावर होते आणि मला कुठे तोंड लपवावे ते सुचत नव्हते. एवढी पोती मी आजवर वाहिली, पण त्या एका पोत्याने माझ्या स्प्रिंगचे पाटे वाकले.

परतताना हरीश हळूच म्हणाला, "वारंग्याला मिस्त्रीकडे थांबू. रेडिएटर तरी नीट करून घे."

"नगं साहेब," रतनसिंग म्हणाला. "गळू द्या. निदान त्या चढावर तरी थांबल ती."

आम्ही मिस्त्रीच्या दारावरून तसेच पुढे गेलो. त्यानंतर शुक्रवारची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. कधी डॉक्टर बरोबर असतात, कधी नुसत्याच औषधांच्या गोळ्या असतात, आणि पुढच्या वर्षी डिझेलला पैसे असतील की नाही हे कुणी सांगत नाही. चढाच्या मध्यावर मी बंद पडते आणि सृष्टी बॉनेटवर हात ठेवून उभी राहते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी डॉक्टर होतील, कुणी एखादा दवाखाना चालवतील, कुणी नुसतेच घाईत कुठेतरी निघाले असतील. दवाखान्याला पैसा लागतो, हे मी तोट्याचे दिवस काढून शिकले आहे. शिल्लक जरूर पडू द्या, माझ्यासारखीला नवा रेडिएटरही बसवा. फक्त बाभळीवर फडके दिसले तर ब्रेक दाबा. मला थांबायला बिघाड लागला, तुम्हाला लागू नये.