घरच्या साइटवरचा इंजिनिअर

अंजनीबाईंचा पोरगा इंजिनिअर झाला, हे चामटोलीत कुणी कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. अंजनीबाईंनी स्वतःच ते दारोदार सांगून ठेवलं होतं. तेही नुसतं इंजिनिअर म्हणून नाही. "कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट," असं त्या ठासून म्हणत. चौथीत शाळा सुटलेल्या बाईच्या जिभेला तो शब्द जड जायचा, पण सोडतील तर त्या अंजनीबाई कसल्या. "म्हणजे बिल्डिंग बांधणारे असतात ना, त्यांच्या डोक्यावर बसणारा."

पण हा डोक्यावर बसणारा प्रज्वल अलीकडे संध्याकाळी घरी यायचा तो स्वतःचंच डोकं धरून. बूट न काढता ओट्यावर बसून राहायचा. जेवताना घास हातात तसाच राहायचा. अंजनीबाईंना वाटायचं, ऊन बाधतंय. त्या ताकात जिरं घालून द्यायच्या आणि म्हणायच्या, "पी, आणि माणसात ये."

साइट काही लांब नव्हती. रस्त्याकडचं त्यांचंच शेत ते. उल्हासनगरच्या शेठला दिलं आणि तिथे आता इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते. या बाजूला एक रीत आहे. कागदावर कुठे लिहिलेली नाही, पण मोडायची छाती कुणा बिल्डरला होत नाही. ज्याची जमीन, त्याच्याच घरचा माल. रेती, वीट, खडी, सगळं जमीनवाल्याच्या घरच्यांनी पुरवायचं. त्या रीतीनेच अंजनीबाईंचे धाकटे दीर आण्णा डंपर घेऊन सप्लायर झाले होते. थोरला भाऊ गेल्यावर याच आण्णांनी नांगर धरून हे घर चालवलं होतं, तेव्हा त्यांना चार पैसे मिळतात याचं अंजनीबाईंना बरंच वाटे.

प्रज्वलला कॉलेज संपताच नागपूरकडे एका मोठ्या कंपनीने पुलाच्या कामावर बोलावलं होतं. अंजनीबाईंनी पदर खोचला. "आपल्या शेतात टॉवर उठतोय आणि माझा पोरगा परक्या मुलखात करपणार? लोक म्हणतील, घरच्या कामाला घरचा इंजिनिअर चालला नाही." त्या स्वतः शेठच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि चहा संपायच्या आत पोराची नोकरी घेऊन आल्या. पगार अठरा हजार. नागपूरवाले जास्त देणार होते, पण घरचं जेवण धरलं की बरोबरी होते, असं त्यांनी मनाशी जुळवून घेतलं. प्रज्वलने नागपूरला नकार कळवून टाकला. आईपुढे बोलायची त्या घरात पद्धतच नव्हती.

त्या दिवशी भर दुपारी आण्णा आले आणि ओट्याच्या कडेला टेकले. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"वयनी, तुमच्या साहेबाला जरा समजवा. गाडी सकाळधरनं गेटवर उभी हाय. पोऱ्या आत घेत नाय."

"कुठला पोऱ्या?"

"आपला. दुसऱ्या कोनाची टाप हाय माजी गाडी अडवायची?"

अंजनीबाईंनी चपला घातल्या. पोरगा चुकला असेल तर कान धरायला आपण आहोत, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं.

पत्र्याच्या केबिनमध्ये प्रज्वल बसला होता. समोर काचेच्या बरणीत पाणी, तळाशी रेती, आणि रेतीवर चिखलाचा जाड थर बसलेला.

"काकांनी पाठवलेली आहे," तो म्हणाला. "हलवून ठेवली तर एवढी माती निघाली. काँक्रीटची रेती म्हणून मी सही करायची यावर."

"एक गाडी आहे. काकांची आहे."

"पहिली नाही आई. आधीच्या सोडल्या मी. रात्री झोप लागत नाही मला."

"झोपेला काय झालं? तुझ्या बापाने चिखलातच जन्म काढला, तो घोरत झोपायचा."

"त्याच्या चिखलावर चार माळे नव्हते."

अंजनीबाईंनी बरणी उचलून उजेडाकडे धरली. प्रज्वल पुढे बोलत राहिला, आवाज न चढवता, जणू खूप दिवस आतल्या आत म्हणून झालेलं आता नुसतं वाचून दाखवतोय. "मी काय शिकलो माहीत आहे तुला? कुठलं काम कधी लावायचं, किती माणसं, किती माल, खर्च कुठे वाढतोय, सगळं आधी कागदावर मांडायचं. इथे माझ्याकडे कागद देतच नाहीत. गेट दिलंय. उद्या दुसरीकडे गेलो तर विचारतील, काय सांभाळलंस? काय सांगू, काकांचा डंपर?"

"शेठला सांगते मी," अंजनीबाई म्हणाल्या. त्यांना अजून वाटत होतं, शब्द टाकला की गाडं रुळावर येईल. आण्णांना शेठ दोन शब्द सुनावील, पोराला खुर्ची देईल, आणि घरातल्या घरात वाईटपणा यायचा नाही. दोन रिक्षा बदलून त्या उल्हासनगरला पोचल्या तेव्हा घशाला कोरड पडली होती.

"आओ माताजी, बसा," शेठ उठून उभे राहिले. "चहा की ठंडा?"

"पाणी द्या. आणि माझ्या पोराला काम द्या."

शेठ हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राग मानू नका. मला इंजिनिअर पाहिजे असता ना, तर अनुभववाला घेतला असता. तुम्ही स्वतः आलात. मी म्हटलं, ठीक आहे, घरचा मुलगा गेटवर बसला तर घरचा माल अडणार नाही. गाववाल्यांशी झगडा नाही, काम बंद नाही. अठरा हजारात शांती, सस्ता सौदा आहे."

"आणि ती माती? ती बिल्डिंगमध्ये घालता तुम्ही?"

"माझी पण बदनामी होईल ना. आण्णांची रेती मी खाली भरावात टाकतो. स्लॅबची रेती बाहेरून येते, रात्रीची. आण्णांना बिल मिळतं, मला शांती मिळते. फक्त माल चांगला आला म्हणून कागदावर एक सही पाहिजे."

"हे पोराला ठाऊक आहे?"

"त्याला कशाला सांगायचं? सांगितलं तर तो तेही लिहून ठेवील." शेठनी चष्मा पुन्हा घातला. "लडका हुशार आहे, माताजी. माझ्याकडे वरची जागा नाही. वर माझी दोन मुलं आहेत. दहा वर्षं राहिला तरी सहीच करील."

अंजनीबाई उठल्या. शेठनी मागवलेला चहा आला होता, तो त्यांनी घेतला नाही. एवढंच काय ते त्यांना करता आलं. आपण मोठ्या तोऱ्यात पोराची नोकरी आणली नव्हती, आपण पोरगा देऊन आलो होतो, जमिनीच्या सौद्यावर वरून घातलेल्या वरताळ्यासारखा. परतीच्या रिक्षात शेजारची बाई काहीबाही विचारत होती. अंजनीबाई नुसत्या हूं हूं करत राहिल्या.

डंपर गेटवर तसाच उभा होता. आण्णा त्याच्या सावलीत उकिडवे बसले होते.

"भावजी, गाडी आपल्या खळ्यात ओता."

"खळ्यात? एवढी रेती काय करशाल, वयनी?"

"लोणचं घालते. ओता म्हटलं ना."

आण्णा उठले नाहीत. "म्हंजे माजा माल खराब, असा झाला ना? गावात काय तोंड दाखवू मी?"

"माल खराबच आहे. तुम्हाला ठाऊक, शेठला ठाऊक. पोराला गप्प बसायचं कळत नाही, म्हणून तो जातोय इथून. महिना भरला की जाईल. मग गेटवर कुणाला बसवायचं ते तुम्ही आणि शेठ बघा."

"मी या घरासाठी..." आण्णांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"केलंत. म्हणून तर रेती माझ्या दारात ओतून घेतेय. दुसरा असता तर रस्त्यावर ओतायला लावली असती."

आण्णांनी ड्रायव्हरला नुसती मान हलवली. खळ्यात रेतीचा ढीग पडला, धुरळा घरभर गेला, आणि आण्णा पाणीही न पिता निघून गेले. एरवी अंजनीबाईंनी मागून हाक मारली असती. आज त्या केरसुणी घेऊन ओटा झाडायला लागल्या.

दिवेलागणीला अंजनीबाईंनी शेठचं बोलणं प्रज्वलला सांगितलं, आणि त्याने लगेच आकाशला फोन लावला. कॉलेजातला मित्र, आता कुठल्याशा महामार्गाच्या कामावर. नागपूरची जागा केव्हाच भरली होती. आकाशच्या कंपनीत एक होती, जालन्याच्या पलीकडे, उघड्या माळावर. राहायचं पत्र्याच्या डब्यात. पगार इथल्यापेक्षा थोडा बरा.

"मग मोठा साहेब कधी होणार?" अंजनीबाईंनी विचारलं.

"पहिली दोन-तीन वर्षं अशीच. प्लॅनिंगमध्ये घेतलं तर पुढे चांगला वाढतो. दहा-बारा वर्षांत प्रोजेक्ट मॅनेजर, मग पगार लाखाच्या वर. जमलं तर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जिथे आहे तिथेच. फक्त ऊन दुसऱ्या गावचं."

त्या खांबाला टेकून बसल्या. पाठ दुखत होती, आणि उद्या पहाटेच आण्णांची समजूत काढायला त्यांच्या घरी जावं लागणार होतं. जाऊबाई दार उघडतील की नाही, कोण जाणे.

"तिथे जमीन कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"सरकारने घेतलेली. पण आई, गेटवर कुणाचा तरी काका तिथेही असतोच."

"असू दे. तुझा नसेल ना," अंजनीबाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात टेकून भाकरी थापायला उठल्या.