दोन टोकांवर टेकलेलं झाड

वादळात आमच्या अंगणातलं जुनं झाड उन्मळून आडवं झालं, ते नेमकं गल्लीवर. बुंधा आमच्या कुंपणाच्या भिंतीवर, शेंडा समोरच्या शिंपीणकाकूंच्या ओट्यावर आणि मधलं खोड कंबरेएवढ्या उंचीवर अधांतरी. काकूंचे गुडघे धरलेले. त्यांना घराबाहेर पडायचं तर खोडाखालून वाकून जावं लागे. नगरपालिकेतून उत्तर मिळालं, "तीन-चार दिवस लागतील."

"मीच कापतो," मी जाहीर केलं.

बायकोने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू लावलेला पडद्याचा दांडा कालच पडलाय."

"दांडा वेगळा, झाड वेगळं."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बल, ताण, दाब हे सगळं मी फळ्यावर इतक्या वेळा काढलंय, की एक झाड माझं काय वाकडं करणार, असा माझा समज होता. दुकानातून चेनसॉ, म्हणजे साखळीच्या पात्याचं झाड कापायचं मशीन, भाड्याने आणलं. दुकानदाराने गॉगल, कानांवर लावायची झाकणं, हातमोजे आणि जाड बूट दिले. ते चढवून मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

सासूबाई त्या आठवड्यात आमच्याकडे होत्या. त्यांची सव्वीस वर्षं लाकडाच्या वखारीत गेली होती. हे मला माहीत होतं, पण त्या तिथे बसून पावत्या फाडत असतील, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या पायरीवर येऊन बसल्या.

"जावईबापू, कुठून कापणार?"

"मधोमध. वरून खाली." माझ्या आवाजात वर्गातला सूर आला असावा.

"बरं," त्या म्हणाल्या. "आधी थोडंच कापून बघा."

मी मशीन सुरू केलं. भुसा उडाला, पातं लोण्यात शिरल्यासारखं खोडात शिरलं आणि माझी छाती फुगली. थोडं कुठलं, मी थेट अर्ध्यापर्यंत गेलो. तिथे लाकूड कुरकुरलं, काप मिटला आणि पातं जबड्यात धरल्यासारखं घट्ट अडकलं. मी मशीन तसंच चालू ठेवून ओढायला लागलो.

"बंद करा." सासूबाईंचा आवाज मोठा नव्हता, पण कानांवरच्या झाकणांतूनही ऐकू आला. मी मशीन बंद केलं. त्या जवळ आल्या. "तुम्ही कितवीला शिकवता?"

"आठवी ते दहावी."

"दोन टोकांवर टेकलेली पट्टी मधून वाकली, तर वरची बाजू दाबली जाते की ताणली जाते?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. "दाबली जाते," मी पुटपुटलो.

"मग वरचा काप मिटणारच. वरून फक्त तिसरा हिस्सा कापायचा, उरलेलं खालून."

त्यांनी मला गाडीतला जॅक आणायला लावला. खाली लाकडाचे ठोकळे रचून, वर फळी ठेवून तो खोडाच्या मध्याखाली लावला आणि हळूहळू फिरवला. खोड बोटभर उचललं गेलं, काप उघडला आणि पातं सुटलं. मी लगेच पुढच्या फांदीकडे वळलो. तिचं टोक खाली दबलेलं होतं आणि ती धनुष्यासारखी वाकली होती. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तिला हात लावू नका. ती सुटली की तोंडावर येते." मग म्हणाल्या, "वखारीतल्या आमच्या सगळ्यांत हुशार कापणाऱ्याचा डोळा अशाच फांदीने गेला. शिकाऊ माणूस घाबरतो, म्हणून वाचतो. तुम्ही शिकाऊ असून घाबरत नाही, याची मला सकाळपासून भीती वाटतेय."

इतका वेळ त्या पायरीवर कशासाठी बसल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं. मी फांदीपासून दोन पावलं मागे सरकलो आणि, खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदाच भीती वाटली.

"हां, आता सुरू करा," त्या म्हणाल्या.

त्यांनी काकूंना आणि माझ्या बायकोला लांब उभं केलं. वाकलेली फांदी आतल्या बाजूने हलके हलके छेद देत त्यांनी स्वतः कापली, तीही हातकरवतीने. तिच्यातला ताण असा निघून गेला, की ती नुसती खाली बसली. मग मशीन माझ्या हाती. त्यांच्या सूचना सुरू झाल्या: दोन्ही हातांनी धरायचं, अंगठे आवळून. डोकं पात्याच्या रेषेबाहेर. पात्याचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही, लागलं तर मशीन उसळून अंगावर येतं. पाऊल उचलायच्या आधी साखळीचा ब्रेक. मी इतक्या वेळा ब्रेक लावला, की बायकोने विचारलं, "हे कापणं चाललंय की कवायत?"

"कवायतच चालू दे," तिची आई म्हणाली.

चार वाजेपर्यंत खोडाचे अकरा ओंडके झाले. काही चौकोनी वाटत होते, एक तर पाचरीसारखा तिरका. शिंपीणकाकू ताठ उभ्या राहून गल्लीतून चालत आमच्या दारापर्यंत आल्या आणि सासूबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "फार उपकार झाले."

मी शेजारीच उभा होतो, डोक्यापासून पायापर्यंत भुशाने माखलेला. काकूंनी मलाही एकदा न्याहाळलं.

"आणि या मदतनीसाला कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं. गॉगलमुळे त्यांनी मला खरंच ओळखलं नव्हतं.

"घरचाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "शिकेल हळूहळू."