चपलांच्या कपाटावरचं टपालघर

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. नवा होतो तेव्हा ऑफिसात मला पुसायला वेगळं मऊ फडकं होतं. पुढे स्क्रीन तडकली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. भंगारात निघालो होतो, तेवढ्यात पुस्तकबांधणी करणाऱ्या ताईने मला उचलून घरी आणलं.

चुकतमाकत शिकत तिने मला नव्या कामाला लावलं. चपलांच्या कपाटावर बसून, घरच्याच इंटरनेटवर, मी तिची वेबसाइट आणि ईमेल सांभाळू लागलो.

"सगळं जग फुकटात ईमेल वापरतं. तुलाच घरात टपालघर कशाला?" तिचे बाबा म्हणायचे.

"दुसऱ्याच्या ओसरीपेक्षा आपली खोली बरी, बाबा."

एकदा ताईने एका ग्रंथालयाकडे जीर्ण पुस्तकं दुरुस्त करण्याचं काम मागितलं. हातात दुसरं काम नव्हतं, त्यामुळे तिचे डोळे उत्तराकडे लागले होते. त्यातच सगळे लग्नाला परगावी गेले. निघताना बाबांनी सवयीने मेन स्विच बंद केला आणि मी गप्प झालो.

परतल्यावर दिवे लागले, मीही जागा झालो. पण वेबसाइट उघडेना, ईमेल येईना. आमच्याकडे जोडणी बंद होऊन सुरू झाली की घराचा इंटरनेटवरचा पत्ताच बदलतो. माझं टपाल जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत होतं.

"मेन स्विच कोणी बंद केला?"

"मीच. कुलूप लावताना करतोच की! फ्रिजही रिकामा केला, त्याचं कौतुक नाही."

"बाबा, ग्रंथालयाचं उत्तर माघारी गेलं असेल तर?"

बाबांचा चेहरा उतरला. "मग आता गं?"

"पाठवणारं मशीन काही दिवस पुन्हा पुन्हा येऊन बघतं. कंटाळलं नसेल तर येईल."

तिने नवा पत्ता नोंदवला. बाबा स्टूल ओढून माझ्यापाशी बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. संध्याकाळी मला टपाल मिळालं आणि ताईचा फोन वाजला. ग्रंथालय पुस्तकांची पहिली पेटी पाठवत होतं.

"मोठ्याने वाच," बाबा म्हणाले. तिने वाचलं. "आता परत वाच."

मित्रांनो, आमच्यासारखी म्हातारी यंत्रं फार काही मागत नाहीत. अधूनमधून धूळ झटका. आम्ही जपलेल्या मजकुराची एक प्रत दुसरीकडे ठेवा, कारण आम्हीही कधीतरी जाणारच. आणि स्विचला हात लावण्याआधी घरात एकदा विचारा, "कोणाचं काही यायचंय का?"