साठवरचा काटा

टायरच्या खाचेत अडकलेली ती साल रूपेशने आधी चिखल समजून स्क्रू ड्रायव्हरने टोकरली. वाळून काळी पडलेली, पण बोटांवर घेतली तर लिंबाचीच. पूजेच्या दिवशी याच चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. त्यानंतर ही जीप धावली जेमतेम चार दिवस, आणि मग महिनाभर पोलिसांच्या आवारात उभी राहिली. साल निघून जायला सवड तरी कुठे मिळाली... त्याने बोटं पॅन्टला पुसली आणि पाना उचलला.

बोईसरच्या त्याच्या गॅरेजात आज काम उलटं चाललं होतं. माणसं इथे येतात ती गाडी उंच करून घ्यायला, लांब स्प्रिंगा, दांडगे टायर लावून चार इंच वर उचलायला. चिरागभाऊला मात्र सगळं काढून टाकायचं होतं. ‘पहिल्यासारखी कर,’ एवढंच सकाळी म्हणाला. पहिल्यासारखी! गाडी होईल. दुपारपर्यंत होईल.

चिराग बाकावर बसून होता. चिकूच्या वाडीवाल्या घरातला तिशीचा हसरा माणूस, महिन्यात पार सुकला होता. उमरोळीच्या अलीकडच्या वळणावर, भाजीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी जिवली नावाची बाई त्याच्या जीपखाली सापडून मेली. तेव्हापासून भेटेल त्याला तो एकच सांगत होता — काटा साठवर होता, मी डोळ्यांनी बघितला. आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गोची. काटा साठवरच असणार. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, मीटर बिचारा फेरेच मोजतो; काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सत्तरला टेकलेली असते. हे मालकाला सांगायचं असतं. रूपेश सगळ्यांना सांगतो, दहा जास्तच धरून चाला, ब्रेकला जागा ठेवा. सगळ्यांना... एक सोडून.

पूजेच्या दिवशी जीपला हार होता, चिरागची बायको हेमांगीवहिनी पूजेचं ताट घेऊन उभ्या, आणि चिरागचे वडील, अण्णा, तोंड वाकडं करून बाजूला. त्यांना हे उंटाचं सोंग मुळातच पसंत नव्हतं. विचारलंच त्यांनी, ‘यानं गाडीत काय बिघडत तर नाय ना?’ मागून चिरागने डोळ्यांनी खुणावलं. शुभ बोल नाऱ्या म्हणतात. ताटासमोर ब्रेकचं काय काढायचं, उद्या फोन करू... ‘काय नाय अण्णा, फक्त उंची वाढते.’ लिंबू फुटलं, सगळे हसले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी विसरलो. विसरलो? तिसऱ्या दिवशी आठवलं होतं मला — हात ग्रीसने भरले होते, म्हटलं संध्याकाळी करू. ग्रीस काय, धुता येतं.

दहाव्याला तो जिवलीच्या पाड्यावर गेला होता. सांगून टाकायचं म्हणूनच गेला असणार. तिच्या नवऱ्याने, बुधाने, पाणी दिलं.

‘तू कोन?’

‘गाड्यांचं काम करतो.’

‘बस.’ बुधा अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बोलला. ‘गाडी हळूच होती म्हनतात. हीच आडवी गेली. वीस वर्सं त्याच रस्त्यानं जायची, दोनी बाजूला बघून जायची... त्या दिवशी काय झालं, तिलाच ठावं. आता बोल कोनाला लावायचा?’

रूपेशने तांब्या खाली ठेवला आणि तसाच परत आला. भित्रा तो भित्राच. मेलेल्या बाईच्या माथी आपली चूक मारून घरी आला आणि जेवला.

तीन वाजता जुने टायर चढले. जीप खाली बसली, दाराची पायरी पायाला लागू लागली.

‘चल, बघून येऊ,’ चिराग म्हणाला. ‘तूच चालव. मला नाय जमत अजून.’

पाम गावच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, ‘साठ घे.’

रूपेशने घेतली. खरी साठ. वाड्यांची कुंपणं, कपडे वाळत घातलेली एक तार, सायकल हातात धरून उभा म्हातारा — एकेक ओळखू येत मागे जात होतं. चिराग खिडकीतून बघत होता. मग काट्याकडे वळला, पुन्हा बाहेर.

‘रूपेश, हे हळू हाय रे. त्या दिवशी साठ असं नव्हतं.’

आलं. महिनाभर ज्याची धास्ती घेतली, आणि खरं सांगायचं तर वाटही पाहिली, ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. जिवलीवरचा बोल उतरला असता... आणि हा शेजारचा? हा त्या साठाला धरूनच तर उभा आहे, ते काढून घेतलं तर... आणि मी? मला कोण विचारणार नाही, की तू का नाही सांगितलंस?

‘मोठे टायर आवाज करतात, भाऊ. त्यानं जास्त वाटतं.’

किती सहज आलं तोंडात! चिरागने डोळे मिटले.

‘आवाजच. हां... म्हणजे तीच मधी आली.’

‘हां,’ रूपेश म्हणाला.

आजपर्यंत त्याला स्वतःला सांगता येत होतं, की राहून गेलं, माणूस आहे, विसरतो. तेही आता संपलं. एका शब्दाने त्याने त्या बाईला पुन्हा रस्त्यात आडवं उभं केलं होतं, आणि या खेपेला समजून उमजून. शेजारी चिरागची मान कलली. किती रात्रींची राहिलेली झोप होती कोण जाणे, तो लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून झोपला. वळायची जागा आली आणि गेली. रूपेशला गाडी थांबवायचा धीर होईना. थांबली की हा जागा होईल, आणि मग याच्या तोंडाकडे बघावं लागेल.