खुर्ची पास करणारा माणूस

आमचे बाबा खुर्च्यांच्या कारखान्यात झोपतात. पगारच त्याचा आहे. आरामखुर्चीचा नवा नमुना तयार झाला की ते त्यात बसतात. डोळा लागला तर खुर्ची पास, नाहीतर परत सुतारांकडे. सुतार पाठीमागे त्यांना ‘झोपमास्तर’ म्हणतात; समोर मात्र निकाल लागेपर्यंत श्वास रोखून उभे असतात.

यंदा मालकांनी ठरवलं, जाहिरातीत नट नको. ते स्वतः आणि बाबा. बाबांना एकच वाक्य होतं : “ही खुर्ची मी पास केली आहे.”

घरात दुसरं बोलणंच नाही. आईने मिठाचं विचारलं, तर “ही भाजी मी पास केली आहे.”

“जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नाही दादाने,” आत्या सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटली, “आता जग ऐकेल.” बाबांनाही तेच हवं होतं. एकदा तरी आपलं कुणी ऐकावं.

शूटिंगला मी गेले, कंगवा धरायला. बाबा खुर्चीत बसले. “ही खुर्ची मी...” म्हणाले आणि घोरायला लागले.

“हे काय?” दिग्दर्शक म्हणाला.

“पास झाली,” कारखान्याच्या मुकादमांनी सांगितलं.

तोंडावर पाणी मारलं, कडक चहा पाजला. पुन्हा “ही खुर्ची मी...” आणि घुर्र. शेवटी दिग्दर्शकाने नापास झालेली खुर्ची मागवली. तीत बाबा टक्क जागे, पण तोंडाला कुलूप.

“बोला की काका.”

“काय बोलू? ही मी पास नाही केली.”

“कुणाला कळणार आहे?”

“बसणाऱ्याला.”

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. मालकांनी मात्र पहिली खुर्ची परत आणवली. बाबा बसले आणि पुन्हा घोरायला लागले. मालकांची हाक एरवी गेटबाहेर ऐकू जाते. तो माणूस चवड्यांवर चालत कॅमेऱ्यासमोर आला आणि कुजबुजला, “ही खुर्ची यांनी पास केली आहे. तेच सांगणार होते. पण उठवत नाही, कामावर आहेत.”

जाहिरात लागली तेव्हा सगळं घर टीव्हीपुढे होतं. बाबा ताठ बसून स्वतःला झोपलेलं बघत होते.

“माझ्यासाठी मालक हळू बोलले,” ते म्हणाले. दोनदा म्हणाले.

“अगं वहिनी, काही ऐकूच येत नाही,” म्हणत आत्याने आवाज वाढवायला रिमोट उचलला.

आईने तो तिच्या हातातून काढून घेतला.

“राहू द्या वन्सं,” ती हळूच म्हणाली. “झोपलेत ते.”