साळूबाईच्या चौकडीतला खांब

बस पावणं, उभ्या उभ्या सांगायची गोष्ट नाय ही. या खोऱ्याची माती कशी हाये म्हनून इचारलंस, तर सांगतो. पर इथल्या मातीचं सांगायला लागलो का साळूबाईचं सांगावं लागतं, आन् ते ऐकून उठताना मानसाचं त्वांड उतरतं. तरी ऐकायचं आसंल तर टेक जरा. च्या सांगितलाय.

आधी माती. खाली नदीकाठच्या गंगथडीला जी काळी हाये, ती उन्हाळ्यात अशी फाटती का शेळीचा पाय आत जावा, आन् पावसाळ्यात पायाला धरून बसती. आपल्याकडं तसं नाय. खुलताबादच्या डोंगरावरून जे जे धुपून आलं ते या खोऱ्यात बसत गेलं. वरची हातभर काळपट, जरा तांबूस झाक मारनारी, मोकळी. मुठीत दाबली तर लाडू व्हतो, अंगठा लावला का फुटतो. तिच्याखाली तांबडी, थोडी घट्ट. तुरीच्या मुळ्या तिथवर जात्यात. तिच्याखाली पिवळा मुरूम, हातात चुरगाळला तर बिस्किटावानी मोडतो. मंग मांजऱ्या खडक. पानी कितीबी पडू दे, वर थांबत नाय. काळीतून तांबडीत, तांबडीतून मुरमात, गपचिप खाली. पाऊस उघडला का घटकाभरानं वहान घालून वावरातून जा, चिखल लागला तर मला सांग.

माझा शेजारी कारभारी, त्याचं वावर म्हंजे या मातीतला गाभा. आमचा बांधाला बांध. पोलीस अ‍ॅक्शन झाली, जहागिरी गेली, तवा कुळाची म्हनून ती जमीन त्याच्या बापाच्या नावावर लागली. पुढं ती कारभाऱ्याकडं आली. मानूस कमी बोलायचा. इचारलं तर निम्मं उत्तर द्यायचा, निम्मं तुमी समजून घ्यायचं. साळूबाई त्याची बायको. ती बोलकी व्हती, तिचं आन् माझ्या बायकोचं, आवडाबाईचं, लई जमायचं.

त्यांचं पहिलं पोर दात यायच्या आधीच गेलं. ताप आला आन् गेलं. दात न आलेलं लेकरू जाळीत नाय आपल्याकडं, पुरतात. बायका जात नाय बरोबर. बाप एकटा फडक्यात गुंडाळून नेतो, संगं मिठाचं गठुडं, खांद्यावर कुदळ. पुरलं का वर दगड ठेवायचे, बोराटीची फांदी टाकायची. कारभारी सकाळच्या पारी गेला आन् दिवस कलंडल्यावर आला. एवढासा खड्डा, त्याला एवढा वखत कशाला? साळूबाईनं इचारलं, "कुठं ठिवलं?" तो म्हनला, "हाये वावरातच." बास. पुन्हा कधी इचारलं तरी तेवढंच.

आता बाई रोज वावरात निंदायला जानार. तिनं सगळे बांध पाह्यले. कुठं दगड नाय, फांदी नाय. तिच्या मनानं घेतलं का यानं लेकरू वावरात ठिवलंच नाय, लांब डोंगराच्या नाळीत, घळीत कुठंतरी टाकून आला. म्हनून तर उशीर झाला. ती आवडाबाईपाशी बोलायची हे. नवऱ्यापाशी नाय. पुढं दुसरं पोर झालं, त्याचं नाव सांडू ठिवलं, ते जगलं. पर पहिल्याचं तिच्या आत तसंच राह्यलं.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. सरकारनं खोऱ्यात पाझर तलाव काढला. त्यात कारभाऱ्याचं वावर बुडीतात गेलं, बदल्यात वर उतारावर जमीन भेटली, सगळी मुरमाड. आन् तलावावर कामाला कोन? आमीच. कारभारी, साळूबाई, मी, आवडाबाई, एकाच टोळीत. चौकड्या, म्हंजे खंदायचे चौकोन, आखून दिल्या व्हत्या. चौकडीतली माती खंदायची, पाटीनं तलावाच्या भिंतीवर टाकायची. मधी मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, का किती खोल खांदलं ते मोजता यावं. मोज झाली का तो खांबबी पाडायचा आन् भिंतीवर टाकायचा. भिंतीच्या पोटात बाहेरून आनलेली चिकन माती, कारन आपली माती पानी धरीत नाय. आपली बाहेरून आन् वरून.

नशीब बघ कसं, आमच्या टोळीला चौकडी आली ती कारभाऱ्याच्याच वावरातली. बांध मोडला, बांधावरची बाभळ तोडली, ओळखीचं काय राह्यलं नाय.

पह्यल्या आठवड्यात तिथं एक जुनं पेव लागलं. पेव म्हंजे जवारी साठवायचा खड्डा, कुन्या काळी बुजवलेला. कडेच्या भिंतीत बघितलं तर काळी, तांबडी, मुरूम अशा सरळ पट्ट्या, आन् पेवाच्या जागी सगळी खिचडी. काळीत मुरमाचे ठिपके, तांबडीत काळे गोळे.

आवडाबाई म्हनली, "ह्ये बघा, कुन्या म्हातारीनं कालवन करून ठिवलंय."

कडूबा मुकादम वरून म्हनला, "खाऊन घे मंग. आन् पाटी उचल."

सगळे हासले. साळूबाई हासली नाय. तिनं त्या खिचडीवर हात फिरवला आन् मला इचारलं, "बन्सीभाऊ, एकदा उघडलेली जमीन अशीच दिसती का कायमची?"

मी म्हनलो, "अशीच दिसनार. खालची वर येती, वरची खाली जाती. पुन्हा कोन लावत बसतंय?"

तिनं मान हालवली.

दुपारी कामावर भेटनारी सरकारी सुकडी खायला बसलो तवा कारभारी मला म्हनला, "बन्सी, तो मधला खांब मीच जागा धरून राखलाय, पाडू देऊ नको."

साळूबाई म्हनली, "काऊन?"

तो सुकडीकडं बघत म्हनला, "तिथं हाये."

"काय हाये?"

"आपलं पह्यलं."

तिनं हातातलं खाली ठिवलं. मंग ती उठली आन् सरळ वैजनाथसाहेबाकडं गेली. शहरातल्या औरंगपुऱ्यातला जवान मानूस, कामावर देखरेख करायचा. रागीट नव्हता. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हनला, "बाई, मोजमाप होईपर्यंत खांब राहतोच. पण नंतर तळ सारखा करावा लागेल. तेव्हा तुम्ही दोघं त्याची माती वेगळी काढा आणि तुमच्या नव्या जमिनीत न्या. मी कुणाला हात लावू देणार नाही."

तिनं तवाच ठरवलं. नवा खड्डा वर उतारावर, बोरीच्या सावलीला. त्या दिवशी ती कारभाऱ्याशी पह्यल्यासारखी बोलली. "तुमी बैलं सोडून या, मंग करू," म्हनली. चारा संपला व्हता, बैलं कन्नडकडं तिच्या भावाकडं न्यायची व्हती. कारभारी बैलं घेऊन गेला.

तो गेला आन् इकडं मोज लवकर झाली. चौकडी सगळी खाली गेली, मधी तेवढा एक खांब. कडूबा म्हनला, "राहू दे, येऊ दे त्याला." मुकादम तोंडाचा तिखट व्हता, मनाचा नव्हता.

साळूबाई मातर त्या खांबासमोर जाऊन बसायची. पाटी टाकून आली का बसायची. हातानं पुसायची, कडा साफ करायची. एक दिवस तिनं प्यायच्या डब्यातलं पानी चुळभर घेऊन खांबावर मारलं. दुष्काळात, प्यायचं पानी. वल्ल्या मातीचा रंग उघडतो ना. वर काळी, मधी तांबडी, खाली मुरूम. चारी अंगानं पाह्यलं. मंग मला हाक मारली.

"बन्सीभाऊ, बघा. कुठं हाये खिचडी?"

मी वाकून पाह्यलं. पट्ट्या अशा सरळ का देवानं आखल्यावानी. काळीत मुरमाचा खडा नाय, मुरमात काळीचा गोळा नाय. वरून गवताची मुळंबी तशीच खाली गेलेली.

"नाय दिसत," मी म्हनलो.

"इथं कोनी कधी कुदळ मारलीच नाय," ती म्हनली. "पेव पाह्यलं ना आपून? उघडलेली जमीन कशी असती ते पाह्यलं ना?"

"येऊ दे की त्याला, साळूबाई," आवडाबाई म्हनली.

"येऊन काय करतील? दुसरा खांब दाखवतील. इतकी वर्सं मला वावरात, वावरात म्हनले. मी निंदताना खुरपं हळू चालवायचे, लागंल म्हनून. आन् वावरात कायच नव्हतं."

तिनं कुदळ उचलली. आमी कोन आडवनार? तिचंच लेकरू, तिचंच वावर. तिनं खांबाला कुदळ घातली आन् खांब पह्यल्या घावात निम्मा खाली आला. मऊ. बाकीच्या चौकड्यांतले खांब पाडताना टिकाव वाजायचा, हाताला झिनझिन्या यायच्या. हा भाकरीचा तुकडा मोडावा तसा मोडला. तवा ते कोनाच्याबी ध्यानात आलं नाय, सगळ्यांचं ध्यान तिच्या तोंडाकडं. तरी ती एकेक ढेकूळ फोडून बघत व्हती. हाड नाय, फडकं नाय. मिठात पुरलेलं तान्हं लेकरू, इतक्या वर्सांत त्या मातीत काय राहनार सांग. वरून पानी येतं, खाली जातं, संगं सगळं घेऊन जातं.

पाट्या भरल्या, बायकांनी वळीनं भिंतीवर नेल्या. आमच्या चौकडीतली ती शेवटची माती, म्हनून भिंतीच्या अगदी वर पडली, या टोकापासून त्या टोकापत्तर पसरली. मंग ठोकायची पाळी. धुमस म्हंजे लाकडाचा जड ठोकळा, दांडा धरून आपटायचा. ती धुमस त्या दिवशी साळूबाईनं दुसऱ्या कोनाला दिली नाय. संध्याकाळपत्तर तीच ठोकीत व्हती. रागात व्हती. आवडाबाई म्हनली, "बास कर, हात फुटलेत." तिनं ऐकलं नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारभारी आला. अंगावर धूळ, पायात वहान तुटलेली. आधी चौकडीच्या मधी पाह्यलं, मंग आमच्याकडं.

"खांब कुठाय?"

साळूबाई पाटी भरीत व्हती. वर न बघता म्हनली, "पाडला."

"कोनी?"

"मी. काय नव्हतं त्यात. माती जशी देवानं लावली तशीच व्हती. मला आता तरी खरं सांगा, कुठं टाकलं लेकरू?"

कारभारी खाली बसला. त्याच्या जन्मात तो सगळ्यात जास्त त्या दिवशी बोलला आसंल.

"मीच लावली व्हती," तो म्हनला. "काळीचा ढीग वायला केला, तांबडीचा वायला, मुरमाचा वायला. मंग मुरूम खाली, तांबडी मधी, काळी वर. एकेक थर पायानं दाबीत. वरून गवताची ढेपळं जशी काढली तशी बसवली. डोंगरात तवा तरस व्हतं. आपल्या रामभावजीचं लेकरू उकरून नेलं नव्हतं का? मोकळी माती त्याला वासानं कळती. म्हनलं, कळूच नये हितं उघडलंय म्हनून."

साळूबाईच्या हातात फावडं तसंच.

"आन् दगड?" ती म्हनली. "दगड काऊन नाय ठिवला एक?"

"तू रोज निंदायला येनार. रोज दगड दिसला असता तुला."

मंग तो म्हनला, "म्हनून तर उशीर झाला मला त्या दिवशी."

साळूबाई हळूच म्हनली, "म्हनून मऊ लागला." मंग ती भिंतीकडं बघायला लागली. आवडाबाई तिच्याजवळ गेली तर तिनं आपले दोन्ही हात पुढं केले, धुमशीनं फुटलेले, आन् ते हात तिच्यापुढं धरूनच राह्यली. रडली नाय. रडली आसती तर बरं झालं आसतं.

कारभाऱ्यानं इचारलं, "कुठं पडली माती? कोनच्या अंगाला?"

ती म्हनली, "सगळीकडं."

वैजनाथसाहेब आला, त्याला कळलं. तो म्हनला, "पाहिजे तर वरचा थर काढून घेऊ." कारभारी म्हनला, "काय काय काढनार साहेब? त्यात सगळ्यांच्या चौकड्यांची माती हाये." आन् खरंच व्हतं ते. त्या भिंतीवर आता कोनची काळी कोनाची, देवालाबी नाय सांगता यायचं.

भांडले नाय ते दोघं, पुढंबी कधी नाय. त्यो तिला दोष देईना, ती त्याला. घरात नीट बोलायचे, जेवायचे, सांडूचं लगीन केलं. पर बोरीखाली जो नवा खड्डा साळूबाईनं आधीच खांदून ठिवला व्हता, तो कोनीच बुजवला नाय. पावसानं बुजला हळूहळू. कारभारी जाऊन आता लई वर्सं झाली. साळूबाई हाये. ती तलावाच्या पल्याड, पत्र्याच्या घरात. बाजाराला जायचं तर भिंतीवरून वाट जवळ पडती, सगळं गाव तिथूनच ये-जा करतं. ती जात नाय. म्हातारी गुडघ्याला हात लावीत खाली नाळीत उतरती आन् पल्याडून वर चढती.

तर माती अशी हाये बाबा. चांगली हाये. जे टाकशील ते येईल.

एक काम कर माझं. जाताना फटफटी भिंतीवरून नको नेऊ. खालून नाळीतून वाट हाये, जरा लांब पडंल, खडक हाये, उतरून ढकलावी लागंल. तेवढी ढकल.