चार हजार वर्षांपूर्वीचं चॉकलेट

माझी बायको तळ्यातून नळीने काढलेला गाळ थराथराने वाचते. कुठल्या थरात कोणते परागकण, किती कोळसा, यावरून जुनं हवामान आणि माणसांचे उद्योग कळतात. माणसं वाढली की जंगल घटतं. हिच्या नळीत मात्र काळ पुढे सरकेल तशी माणसं घटत होती आणि जंगल माजत होतं. सोमवारी प्रबंध द्यायचा, आणि तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "पुन्हा पहिल्यापासून करा."

शनिवारी डबा द्यायला मी आईला घेऊन प्रयोगशाळेत गेलो. आई चष्मा सावरत नळीच्या एका टोकावर वाकली. त्या टोकाला 'तळ' असं लिहिलं होतं.

"सूनबाई, हा सगळ्यात जुना थर ना गं?"

"हो आई, चार हजार वर्षांचा."

"तेव्हा चॉकलेटं मिळायची?"

चिखलातून चॉकलेटचा प्लॅस्टिकचा कागद डोकावत होता. बायकोने तो चिमट्याने ओढला, नळी उलटी फिरवली आणि आईला कडकडून मिठी मारली. सहा महिन्यांचं काम एका गिरकीत सुलट झालं होतं.

"पण वर-खाली लिहिलं कुठल्या शहाण्यानं?" आईने विचारलं.

बायको हसतच सुटली. अक्षर सरांचं होतं. प्रबंधात आभाराच्या पानावर आता आई पहिली आहे, सर दुसरे.